गफूरभाईंनी नापास केलेले तंबू

गफूरभाई केळी घ्यायला निघाले की नांदेडच्या बाजारातला गाडेवाला उगाच दुसरीकडे बघायला लागायचा. वरची फणी कितीही पिवळीधमक असो, गफूरभाई तिला हात लावायचे नाहीत. “खालची काढा,” म्हणायचे. गाडेवाल्यानं कुरकुरत खालची काढली की म्हणायचे, “तिच्या खालची.” बनियन घ्यायचं तर गठ्ठ्यातलं सगळ्यात तळचं. पोस्टातून तिकीट आणायचं तरी कारकुनाला म्हणायचे, मधलं फाडा. एकदा हॉटेलात आम्ही भजी मागवली, तेव्हा त्यांनी अख्खी बशी कागदावर पालथी केली आणि तळाशी गेलेल्या भज्यांपासून खायला सुरुवात केली. मी हसलो. ते हसले नाहीत.

व्यवसायानं ते मंडपवाले. शामियाने, कनाती, ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या, सगळं स्वतः शिवायचे. नांदेडच्या जुन्या वस्तीत त्यांचं घर आणि कारखाना एकाच छपराखाली होता. तीन पिढ्या त्याच जागी. उंच, सडपातळ, थोडे पोक काढून चालणारे. तळहातावर सुई ढकलायचा चामड्याचा पट्टा असायचा, तो जेवतानाच काय तो निघायचा. माणूस भेटला की ते आधी त्याच्या कपड्यांची शिवण बघायचे आणि मग तोंड. माझी त्यांच्याशी ओळख झाली तेव्हा त्यांनी माझ्या खिशाच्या कडेवरून अंगठ्याचं नख ओढलं, चार टाके मोजले आणि म्हणाले, “सर, ह्या खिशात पेन ठेवू नका.” महिनाभरात तो खिसा फाटला. मला राग आला, तो शिंप्याचा नाही, त्यांचाच.

माझंही घर नांदेडलाच, पण तेव्हा मी लातूरला एका कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवत होतो. लातूरला तेव्हा क्लासेसचं नुसतं पीक आलं होतं. कुठल्याही गल्लीत शिरा, भिंतीवर डॉक्टर झालेल्या पोरांचे फोटो. आमच्या क्लासचे मालक बापूसर. माणूस मनानं मोकळा, पण जिथं मोकळी भिंत दिसेल तिथं क्लासचं नाव रंगवल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. आणि मी? दर शनिवारी हजार पोरांची परीक्षा घ्यायची आणि कोण कुणाचं बघून लिहितो ते पकडायचं, हे माझं काम. सात वर्षं ते केल्यावर माझी नजरही बिघडली होती. कुणी खिशातून रुमाल काढला तरी मला त्यात चिठ्ठी दिसायची. तेव्हा गफूरभाईंना संशयी म्हणायचा मला फारसा अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

किल्लारीच्या भूकंपाला दहा-बारा वर्षं झाली असतील. आमच्या क्लासची एक जुनी विद्यार्थिनी, नायगावकडच्या एका शेतकऱ्याची मुलगी अश्विनी, डॉक्टर झाली होती. आम्ही तिचा फोटो भिंतीवर लावला आणि पुढच्या पोरांच्या मागे लागलो. अश्विनी मात्र भलतीकडेच निघाली. पुण्याच्या एका निवृत्त फौजी साहेबांनी चौघांचं पथक जमवलं होतं. दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फावरून, सामान घसरगाड्यांवर लादून स्वतः ओढत, महिना-दीड महिना चालायचं. पथकाला डॉक्टर हवा होता आणि अश्विनीची निवड झाली. ती पेढे घेऊन क्लासवर आली तेव्हा बापूसरांनी पेढा तोंडात असतानाच जाहीर केलं, “तंबू आणि घसरगाड्या आपल्या क्लासकडून!”

लातूरला बर्फ म्हणजे रसवंतीतला. तंबू म्हटलं की लोकांना अजून भूकंपच आठवायचा. ध्रुवावरचा तंबू कुणाला कळतो? बापूसरांनी खरेदी माझ्याकडे सोपवली, कारण स्टाफमध्ये मला कुणी फसवू शकत नाही असं त्यांचं मत होतं. आणि सल्ल्याला बोलावलं गफूरभाईंना, कारण आमच्या परीक्षांचा मांडव तेच घालायचे आणि तो वळवाच्या पावसातही कधी पडला नव्हता.

दिल्लीच्या व्यापाऱ्याचा माणूस नमुने घेऊन आला. मे महिन्यातही टाय. क्लासच्या मोठ्या हॉलमध्ये बाक सारून त्यानं तीन तऱ्हेचे तंबू उभे केले. केशरी, पिवळा, लाल. बापूसरांना केशरी लगेच आवडला. गफूरभाई दारातच उभे राहून बघत होते.

“वारा किती झेलतो?” त्यांनी विचारलं.

“ताशी दीडशे किलोमीटर, चाचाजी.”

“तुम्ही होता का आतमंदी?”

“मी? नाही, नाही. कंपनीनं टेस्ट केलंय.”

“म्हंजे तुम्ही न्हाई बघितलं.”

टायवाल्यानं एक चकचकीत कार्ड पुढं केलं. “पाच वर्षांची गॅरंटी आहे.”

गफूरभाईंनी कार्ड उलटं करून बघितलं, सुलटं करून बघितलं. “हे कुठं ठेवायचं असतंय?”

“तंबूच्याच पिशवीत कप्पा आहे ना.”

“मग तंबू उडाला की कार्ड बी उडंल की.”

सगळे हसले. गफूरभाई मात्र खाली बसून एकेक शिवण नखानं चाचपू लागले. तीन तास लागले. लाल तंबूचे तणावे, म्हणजे ताणून बांधायच्या दोऱ्या, जिथं कापडाला जोडतात तिथं दुसरी पट्टी नव्हती. “नापास.” पिवळ्यात घागरभर पाणी ओतलं, तर कोपऱ्यातून थेंब आला. “नापास.” केशरी तंबूबद्दल त्यांनी शेवटी एवढंच म्हटलं की अजून खोट सापडली नाही. चांगला आहे असं ते म्हणालेच नाहीत.

“आता असे तीन पाठवायला सांगा,” ते मला म्हणाले. “आन खोके फोडू नका. मी येऊन फोडंन. हा दाखवायचा हाय. येणारे येगळे असतात.”

मला हे सगळं जरा जास्तच वाटलं. इतका कीस काढणारा माणूस एक तर फार प्रामाणिक असतो किंवा त्याला कशाचा तरी भाव वाढवायचा असतो. परीक्षेतही जो पोरगा सारखा हात वर करून शंका विचारतो त्याच्यावर मी आधी लक्ष ठेवतो.

घसरगाड्या निवडायची वेळ आली तेव्हा मात्र मजा झाली. तीन नमुने होते. एक लाकडी, खाली दोन अरुंद धावा, म्हणजे घसरायच्या पट्ट्या असलेली. एक फायबरची, होडीसारखी. एक नुसतीच प्लॅस्टिकची, पातळ. गफूरभाईंचा जीव लाकडी गाडीवर बसला. लाकूड त्यांना कळत होतं. “होडीत बसून बर्फावर काय मासे धरायचेत?” असं म्हणून त्यांनी होडी बाजूला केली. पण अश्विनीनं फौजी साहेबांचं पत्र वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की फार थंडीत तिथला भुसभुशीत बर्फ निसरडा राहत नाही, वाळूसारखा रखरखीत होतो आणि गाडी घसरण्याऐवजी अडते.

गफूरभाईंनी पत्र दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, “वाळू ना? वाळू आपल्याकडं लई हाय.”

दुसऱ्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही तिन्ही गाड्या टेम्पोत घालून नांदेडला गोदावरीच्या पात्रात उतरलो. उन्हाळ्यानं पाणी पलीकडच्या काठाला गेलं होतं, अलीकडे नुसती वाळू. प्रत्येक गाडीवर वाळूची सारखी पोती लादली. अश्विनीनं कमरेला पट्टा बांधला आणि ओढायला लागली. धुणं धुणाऱ्या बायका धुणं टाकून बघायला आल्या.

“काय वं, पिच्चरचं शूटिंग हाय का?” एकीनं विचारलं.

“न्हाई मावशी, बर्फात जायचंय,” अश्विनी धापा टाकत म्हणाली.

“मंग बैल कुठं गेले?”

लाकडी गाडी दहा पावलांत धावांपर्यंत रुतली. पंधराव्या पावलाला अश्विनी गुडघ्यावर आली. गफूरभाईंनी वजन पुढं सारलं, मागं सारलं, धावांना मेण चोळलं. गाडी रुतायची ती रुतलीच. पातळ प्लॅस्टिकची गाडी बरी चालली, पण एका खडकावर तिला चीर गेली. होडी मात्र सरळ निघाली. अश्विनी तिला घेऊन दूर वाळूच्या उंचवट्यापर्यंत गेली आणि वळून हात हलवला.

गफूरभाई कमरेवर हात ठेवून बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “सर, कागद काढा. लिहा. गफूर चुकला. लाकडाच्या गाडीवर भरवसा ठेवला होता, नापास झाली.”

“लिहायला कशाला पाहिजे?”

“लिहा तुम्ही. पुढच्या वख्ती मी शहाणपणा करंन तवा दाखवायला कामाला येतंय.”

मी लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी एका परीक्षार्थ्याला स्वतःहून स्वतःला नापास करताना बघत होतो. तरी मनातली पाल काही गेली नाही. उलट वाटलं, एवढा मोठेपणा दाखवायचा म्हणजे पुढं काहीतरी मोठं मागायचं असणार.

तंबूंचे खोके आले. गफूरभाईंनी तिन्ही फोडले, शिवण तपासली, पास केले. पण ते नांदेडला परत गेले आणि इकडे बापूसरांनी पेंटर बोलावला. तिन्ही केशरी तंबूंवर निळ्या रंगात, दोन्ही बाजूंनी, हातभर अक्षरांत क्लासचं नाव आणि खाली फोन नंबर. ध्रुवावर हा नंबर कोण वाचणार होतं देव जाणे. पण बापूसरांना फोटो पाहिजे होता. पांढऱ्या बर्फात केशरी तंबू आणि त्यावर आमचं नाव. पुढच्या वर्षीच्या पोस्टरची जागा त्यांनी आधीच ठरवून ठेवली होती.

पुढच्या आठवड्यात गफूरभाई अश्विनीचा कमरपट्टा बघायला आले आणि त्यांनी रंगवलेला तंबू पाहिला. निळ्या अक्षरावर हात फिरवला, नाकाशी धरला, मग एका कोपऱ्याची घडी घालून दाबली.

“सर, मांडवाच्या कापडावर मी तीस वर्षं नावं रंगवून राहिलो. लग्नाची, पुढाऱ्यांची. कापड कुठं फाटतंय ठाव हाय? नाव असतंय तिथंच. रंग कडक होतो, कापड मऊ राहतंय. घडी घातली की कडेनं तुटतंय. आन हे तर गोठणार.”

आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा लातूरला आइस्क्रीमचा कारखाना होता. तिथं उणे वीस अंशांची एक खोली होती. रंगवलेल्या तंबूंपैकी एक आम्ही तिथं ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर त्रेचाळीस अंश असताना गफूरभाई कानटोपी आणि घोंगडी घेऊन त्या खोलीत शिरले. मी दारातून बघत होतो. त्यांनी अक्षरावरून घडी घातली आणि पापड मोडल्यासारखा आवाज आला. तंबू बाहेर आणून उन्हासमोर धरला तर फोन नंबरच्या आकड्यातून बारीक उजेड दिसत होता.

बापूसरांना हे मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. पण अर्ध्या तासात त्यांनी उपाय काढला. “रंग स्वस्तातला असेल. पेंटरला सांगा, हैदराबादचा भारी रंग आण. उरलेल्या दोन तंबूंचा रंग खरवडून काढा आणि त्यावर नवा मारा.”

“रंग बदलू नका साहेब, जागा बदला,” गफूरभाई म्हणाले. “तंबू नवे, कोरे मागवा. नाव झेंड्यावर घ्या. झेंडा मी शिवून देतो. म्हणाल तेवढा मोठा देतो.”

झालं. माझे कान टवकारले गेले. झेंडा मी शिवून देतो! म्हणजे इतक्या दिवसांच्या नापासाचं गाडं शेवटी इथं येऊन थांबलं होतं. त्यात पुढच्याच रविवारी मी घरी नांदेडला गेलो होतो, तेव्हा स्टेशनसमोरच्या हॉटेलात गफूरभाई दिसले. समोर तोच दिल्लीचा टायवाला. दोघांच्या पुढं चहा, समोसे, आणि टायवाला हसत त्यांच्या खांद्यावर हात ठेवत होता. नवे कोरे तंबू मागवले की फायदा कुणाचा, हे समजायला केमिस्ट्री लागत नाही.

सोमवारी मी बापूसरांना सगळं सांगितलं. पुरावा काय, असं त्यांनी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही. वर्गात चिठ्ठी हातात सापडल्याशिवाय मी पोराला उठवत नसे. इथं मात्र लांबून दोन कप चहा बघून निकाल लावून मोकळा झालो. बापूसरांनी फोन करून गफूरभाईंना सांगितलं की आता यायची गरज नाही. त्यांनी “बरं” म्हटलं आणि फोन ठेवला. दोन तंबूंवर भारी रंग चढला.

आठवड्यानं अश्विनीचा फोन आला. पट्टा चाचांकडंच राहिलाय, तो आणून द्याल का? विकतचा पट्टा पुरुषांच्या मापाचा होता, तिच्या कमरेला काचायचा, म्हणून गफूरभाई तो उसवून पुन्हा शिवत होते. मी नाइलाजानं गेलो.

ते मशीनवर बसले होते. उठले, पाण्याचा तांब्या दिला, पट्टा माझ्या हातात ठेवला. “ओढून बघा,” म्हणाले. मी म्हटलं, असू द्या. “न्हाई. ओढून बघा. घेताना बघायचं असतंय.” मी ओढला. मग माझ्याच्यानं राहवलं नाही. मी विचारलं, त्या टायवाल्याबरोबर तुम्ही हॉटेलात काय करत होता?

ते पुन्हा मशीनवर बसले. मग सावकाश म्हणाले, “आस्सं हाय तर. मी म्हटलं, सायबांनी एकाएकी का बंद केलं.”

त्यांच्या बायकोनं, चाचींनी, आतून विचारलं काय झालं. ते म्हणाले, “काई न्हाई, चहा कर.” आणि मला म्हणाले, “त्याला मीच बोलावलं होतं सर. म्हटलं, ह्या कापडावर रंग चालतो का न्हाई ते कंपनीच्या कागदावर लिहून दे. न्हाई चालत म्हणून लिहून दिलं तर साहेब ऐकतील. त्यानं चहा पाजला. समोसे बी दिले. लिहून न्हाई दिलं.”

चहा आला, तो तसाच राहिला.

“भूकंपाच्या वख्ती मला तिकडं नेलं होतं,” ते म्हणाले. मी विचारलं नव्हतं. “किल्लारीच्या बाजूला. ट्रकांनी तंबू येऊन राहिले होते, कुठनं कुठनं. तिथले एक साहेब म्हणले, तुम्हाला कळतंय, बघा आन पास करा. ढीग हा एवढा उंच. मी वरचे दहा खोलले. एक नंबर माल. खालचे खोलावेत तर लोकं पावसात हुबे. लेकरं घेऊन हुबे. म्हटलं, किती खोलत बसू? सही केली, वाटा म्हटलं.”

त्यांनी चामड्याचा पट्टा हातातून काढला आणि मांडीवर ठेवला.

“खालचे कुजके होते, सर. कुठल्या गोदामात भिजून पडले असतील. चौथ्या रोजी वारं सुटलं. एक बाई होती, तिला ढिगाऱ्याखालनं काढलं होतं. पोटाशी लेकरू, दीड-दोन महिन्याचं. दोघं जित्ते निघाले होते. गावात तिच्या घरचं दुसरं कुणी उरलं न्हाई. तिचा तंबू मधनं फाटला आन सगळं पाणी अंगावर. भिजलं लेकरू. दोन दिसांनी गेलं. भूकंपातनं वाचलं आन माझ्या सहीनं गेलं.”

चाची दारात उभ्या होत्या. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “अल्ला की मर्जी.” गफूरभाई त्यांच्याकडे न बघता म्हणाले, “अल्लानं सही न्हाई केली.”

मला इतकी लाज वाटली की कुठं बघावं कळेना. माफ करा म्हणालो. त्यांनी हात हलवला.

“तुम्ही शक घेतला, बराबर केलं. मी बी घेतो. पण सर, शक घेतला की खोलून बघायचं असतंय. तुम्ही शक घेतला आन गठ्ठा तसाच बांधून ठिवला.”

मी ताबडतोब लातूरची गाडी धरली. बापूसरांना काही सांगत बसलो नाही. भारी रंगाचा तंबू उचलून आइस्क्रीमच्या कारखान्यात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी बापूसरांनाच त्या खोलीत घेऊन गेलो. अंगात पांढरा शर्ट, ते कुडकुडायला लागले. म्हटलं, तुमच्या हातानं घडी घाला. त्यांनी घातली. या वेळी आवाज थोडा कमी आला, एवढाच फरक. बाहेर येऊन त्यांनी तंबू उन्हात धरला आणि क्लासच्याच नावातून पलीकडचा रस्ता बघितला. बराच वेळ बघितला. आपण फी माफ करून शिकवलेली अश्विनी यात झोपणार, हे त्यांना तेव्हा खरं दिसलं असावं.

“गफूरभाईंना बोलवा,” ते म्हणाले.

“तुम्हीच बोलवा,” मी म्हणालो.

बापूसर स्वतः नांदेडला गेले. काय बोलले मला माहीत नाही. पण दोन दिवसांनी गफूरभाई आले, आणि नवे तंबू आले तेव्हा त्यांनी एक नाही, तिन्ही तंबूंची एकेक शिवण दोनदा तपासली. मोहिमेला दोनच तंबू लागत होते. तिसरा अडीअडचणीला. मी म्हटलं, तिसरा कशाला एवढा बघता? ते म्हणाले, “तिसरा काढायची पाळी येईल तवा पहिले दोन गेलेले असतील.” झेंडाही त्यांनी शिवला. चांगला मोठा शिवला, बापूसर खूश होतील असा.

अश्विनी गेली. महिनाभर आम्ही क्लासवर नकाशा लावून टाचण्या पुढं सरकवत होतो. एके दिवशी पुण्याहून फौजी साहेबांच्या घरून निरोप आला. पथक तीन दिवस वाऱ्यात अडकलं होतं, आता वारा पडलाय, चौघंही सुखरूप आहेत, पुढं निघालेत. क्लासमध्ये पेढे वाटले. मी गफूरभाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “कोण म्हणलं?”

“साहेबांच्या घरच्यांनी सांगितलं.”

“त्यांनी बघितलं का?”

मी म्हटलं, अहो, पोरगी सुखरूप आहे, आता तरी माना. ते म्हणाले, “पोर समोर येऊ द्या. तंबू बी येऊ द्या. मंग बघू.”

अश्विनी परत आली. लातूरला सत्कार झाला. झेंड्याचा फोटो पोस्टरवर छापला गेला आणि फारच चांगला आला. गफूरभाई सत्काराला आले नाहीत. मग अश्विनीच तंबू घेऊन नांदेडला आली. मीही सोबत होतो. गफूरभाई त्यानंतर वर्षभरातच गेले आणि मी तेव्हा गावात नव्हतो, म्हणून माझ्यापुरतं त्यांचं शेवटचं दर्शन ते त्या दुपारचंच.

अश्विनीच्या नाकाचा शेंडा आणि गाल थंडीनं काळे पडून सोलवटले होते. चाचींनी तिला जवळ घेऊन रडून घेतलं. गफूरभाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच विचारलं, “कुठं फाटला?”

“नाही फाटला, चाचा.”

“जरा तरी?”

“जरासुद्धा नाही. तीन दिवस आम्ही दोघी आत बसून होतो. बाहेर माणूस उभा राहू शकत नव्हता एवढं वारं. तणावा एकही तुटला नाही.”

“तुला आतून कसं दिसंल? थांब.”

अंगणात तंबू उभा करायला लावला. त्यांनी बाहेरून चारी बाजूंनी नख फिरवलं. मग चपला काढल्या आणि आत शिरले. आतून उजेडात शिवणी बघायच्या होत्या. आम्हाला त्यांची सावली एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकताना दिसत होती. मधूनच “हं” ऐकू यायचं. चाचींनी आम्हाला चहा दिला. चहा संपला. मग सावलीही दिसेना आणि आवाजही येईना.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. मला वाटलं, सापडली बहुतेक खोट. त्यांना चक्कर आली की काय असंही वाटलं. मी वाकून दारातून बघितलं.

गफूरभाई उताणे झोपले होते. तोंड उघडं, छाती संथ वरखाली होत होती. उंच माणूस, पाय तंबूत मावत नव्हते, म्हणून भेगाळलेल्या टाचा दारातून बाहेर उन्हात आल्या होत्या.

“झोपलेत,” मी म्हणालो.

चाचींनी हातातली कपबशी खाली ठेवली. “काय म्हणता सर? ते न्हाई झोपत दिवसा. रातीला बी न्हाई झोपत नीट. पत्रा जरा वाजला की उठून बसतेत. भूकंपापासनं असंच हाय.” त्या जवळ आल्या, वाकल्या, बघितलं आणि पदर तोंडाला लावून तशाच उभ्या राहिल्या.

तेवढ्यात नदीकडून वावटळ आली. शेजारच्या छपराचा पत्रा खडखडला, अंगणातला पाचोळा उडाला, तंबूचं कापड फडफडून घट्ट ताणलं. मी हाक मारायला तोंड उघडलं तर अश्विनीनं माझा हात धरला. टाचा हलल्या नाहीत.

वाऱ्याचा जोर वाढला तशी अश्विनी उठून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिकडची तणाव्याची खुंटी मऊ मातीत होती, ओढीनं निघायला आली होती. तिथं ती दोन्ही हातांनी तणावा धरून भर उन्हात बसून राहिली.